किती फूट?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री अडीचला आला तेव्हा मी जागीच होते. इतकी वर्षं नर्स म्हणून नाईट केल्यावर रिटायर झालं तरी झोप कुठली. राजीनामा देऊ का, याचं उत्तर माझ्याकडं मागू नकोस, रूमचं भाडं तू भरतेस, मी नाही. मला खटकलं ते वेगळंच.

तू लिहिलंयस की तुमच्या सीनियर सिस्टर ताई १०० च्या बाटलीतून (एमएलला १०० युनिट) लाल टोपीच्या सिरिंजमध्ये (तिच्या खुणा एमएलला ४० युनिटच्या) इन्सुलिन भरत होत्या, तुला दिसलं आणि तू विचारलंस, "ताई, हे बरोबर आहे ना?" अगं, "बरोबर आहे ना" ला एकच उत्तर मिळतं, "हो". वर "मला शिकवतेस काय" हे फुकट. तू म्हणायचं होतंस, "ताई, लाल टोपी ४० ची, बाटली १०० ची, २० च्या खुणेपर्यंत भरलं तर २० ऐवजी ५० युनिट जातील." झालं. यात उद्धटपणा नाही की शहाणपणा शिकवणं नाही. त्यांनाही बाटली फिरवून बघावीच लागली असती. पेशंटची शुगर ४८ पर्यंत उतरली, डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोज दिलं, सकाळी तो चहा मागत होता, म्हणून आज आपण हे बोलतोय तरी.

आकडा बोल. मी हे दहादा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

तू सांगलीचीच ना? पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं बघून कुणी "पाणी जरा जास्त वाटतंय का हो" म्हणतं का? सगळे विचारतात, "किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका, बारक्या पोरांनाही पाठ असतं. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा भाजीवालीनं आकडा सांगितला तरी लोक सामान बांधायला लागायचे, तुझं शिक्षण किती असं तिला कुणी विचारलं नाही. मग वॉर्डात पाऊल टाकलं की आपल्यालाच काय होतं गं?

मला काय झालं होतं ते सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट, मिरजेतलं एक हॉस्पिटल, नाव घेत नाही. तासगावकडचा द्राक्षबागवाला माणूस, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. रात्री एकला मी सरांना कॉल दिला आणि म्हटलं, "सर, सहा नंबरचा पेशंट जरा बरा वाटत नाहीये." ते म्हणाले, "सकाळी बघू." मी फोन ठेवला. माझ्या हातातल्या चार्टवर पल्स १२८ होती, बीपी ८४, दोन्ही आकडे धोक्याचे, आणि यातलं एक अक्षर मी बोलले नाही! का, तर त्याच आठवड्यात राउंडला त्यांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. माणूस पहाटे गेला.

कितीतरी वर्षं मी ही गोष्ट सरांच्या नावानं सांगत आले. पुढं कॉल देताना तारीख, वेळ, पल्स, बीपी सगळं म्हणून दाखवायचे आणि "सर, नऊ मिनिटं झाली, येताय का मेट्रनना सांगू" असं विचारायचे. मागं मला कटकटी बाई म्हणायचे, म्हणू देत, त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण त्या गोष्टीतला एक भाग मी सांगायचं टाळते. रात्री दहाला वॉर्डातल्या आया, मावशी, माझ्याकडं आल्या होत्या. "सिस्टर, त्यांची लघवीची पिशवी भरतच नाही हो, दुपारपासून वाटीभर पण नाही." युरोबॅग त्याच रिकामी करायच्या, त्यांना नाही कळणार तर कुणाला? मी म्हटलं, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा." चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी, दोन आयव्ही निघालेल्या, मी तरी काय काय बघणार होते... हे अजूनही मी स्वतःला सांगत असते. सरांनी माझ्याशी केलं ते मी तीन तास आधी मावशींशी केलं होतं. आणि त्यांनी तर आकडाही सांगितला होता. वाटीभर हा आकडाच की!

म्हणून तू "आमच्याकडं कुणी ऐकूनच घेत नाही" लिहितेस तेव्हा मला तुझी माया पण येते आणि रागही येतो. तू मावशींचं ऐकतेस का?

तुमच्या एचआरनी सूचनापेटी लावली म्हणे. आमच्याकडंही होती, वर्षानं उघडली तर आत दोन गुटख्याच्या पुड्या आणि कँटीनच्या चहाबद्दल एक चिठ्ठी. ऑपरेशनच्या चेकलिस्टचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ ला १९ मुद्द्यांची यादी काढली, आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीपण होती, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. त्यात चिरा देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम मोठ्यानं सांगायचं असतं, कारण एकदा तोंड उघडलेला माणूस पुढं रक्त दिसल्यावरही बोलतो. आमच्या ऑपरेशन थिएटरात काय व्हायचं? पेशंट टेबलावर यायच्या आधीच १९ टिका मारून कागद फाईलला. सगळे मुके, कागद मात्र पूर्ण.

तर नोकरी सोडायचं नंतर बघ. आज आधीच्या सिस्टरकडून ड्युटीची ओव्हर घेताना मावशींना बोलवून प्रत्येक युरोबॅगचं माप त्यांच्या तोंडून घे आणि त्यांच्यासमोर चार्टवर लिही. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस एमएलच्या खाली आलं की कॉल द्यायचा, आकड्यासकट. त्या ताईंशी अबोला धरू नकोस, त्यांनाही ती रात्र झोपू देत नसणार. दोघी मिळून लाल टोपीच्या आणि १०० च्या केशरी टोपीच्या सिरिंजा वेगवेगळ्या डब्यांत घाला, डब्यावर मार्करनं मोठं ४० आणि १०० लिहा, आणि मला फोटो पाठव.

तुझी,
सिस्टर