थायरॉईडची गोळी आणि सोबतच्या बाकीच्या गोळ्या

मला आलेल्या बहुतेक पत्रांत एकच वाक्य आहे: ‘माझं थायरॉईड वाढलंय, ते कमी कसं करू?’ वाढलेला असतो तो टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारं हार्मोन. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुस्तावली की तिला जागं करायला मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी तो जास्त सोडते. म्हणजे टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉईड कमी पडतंय, आणि गोळीतून आपण तिचं कमी पडणारं हार्मोन, थायरॉक्सिन, भरून काढतो.

सकाळी सहाला गोळी, मागोमाग चहा. विसरू नये म्हणून रक्तवाढीची गोळीही तेव्हाच घेते. डोस ५० चा ७५ झाला, तरी टीएसएच उतरत नाही. (गृहिणी, ४३, सांगली)

रक्तवाढीच्या गोळीतलं लोह थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं, ते रक्तात पोचत नाही. कॅल्शियमचं आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधांचंही तेच. या सगळ्यांत आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. लोह दुपारच्या जेवणानंतर घ्या. चहाला किमान अर्धा तास थांबा, तासभर थांबलात तर उत्तम. सकाळ जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतलेली चालते. पण हे सगळं आधी तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. अंतर पाळायला लागलात की तोच ७५ चा डोस जास्त होऊ शकतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघावा लागेल.

निर्जळी उपवासाला गोळी घ्यायची का?

घ्यायची, पाण्याच्या घोटाबरोबर.

एखादा दिवस गोळी विसरली तर?

त्या दिवशी आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. थायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, एका दिवसाने घाबरू नका. वारंवार विसरत असाल तर मात्र डॉक्टरांना सांगा.

केस फार गळायचे म्हणून ऑनलाइन जाहिरात बघून केसांच्या गोळ्या मागवल्या. दोन महिन्यांनी टीएसएच ०.०५ आला आणि फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) जास्त. डॉक्टरांनी डोस १०० वरून ५० केला. आता प्रचंड थकवा, थंडी वाजते, पोट साफ होत नाही. (आयटी नोकरी, २९, पुणे)

तुम्ही बाटलीचं नाव कळवलंत, आत काय आहे ते नाही. माझा संशय बायोटिन या बी गटातल्या व्हिटॅमिनवर आहे, आणि याविषयी मी सविस्तरच लिहिणार आहे, कारण हा घोळ आता दर महिन्याला माझ्यासमोर येतो.

परवा एका मुलीला पर्स टेबलावर रिकामी करायला सांगितली. थायरॉईडची बाटली, व्हिटॅमिन डीचं पाकीट आणि तळाशी गुलाबी गमीजचा डबा. मागच्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज असते ३०-४० मायक्रोग्रॅम. ‘ते औषध नाही ना, म्हणून सांगितलं नाही,’ असं ती म्हणाली.

अनेक लॅबमधली यंत्रं रक्तातलं हार्मोन पकडायला बायोटिनचाच हुकासारखा वापर करतात. रक्तातच बायोटिनचा पूर आला की तो हुक निकामी होतो. टीएसएच खोटा कमी दिसतो, फ्री टी-४ खोटा जास्त दिसतो. रिपोर्ट हुबेहूब थायरॉईड जास्त झाल्यासारखा, म्हणून डॉक्टर डोस कमी करतात. प्रत्यक्षात पेशंटला गोळी पुरत असते किंवा कमीच पडत असते. डोस घटला की केस आणखी गळतात आणि दुसरा डबा मागवला जातो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता, तरी ‘तपासणीआधी बंद करा’ अशी ओळ मी आजवर एकाही डब्यावर वाचलेली नाही. बायोटिनची खरी कमतरता क्वचित असते, आणि ती नसताना त्याने केस येतात याला भक्कम पुरावा नाही. हे विकणाऱ्यांना ठाऊक आहे. थायरॉईडमुळे गळलेले केस डोस स्थिरावल्यावर काही महिन्यांत परततात, एवढा धीर धरायला जाहिरात सांगत नाही.

लॅबमध्ये ‘उपाशी आहात ना?’ हे हमखास विचारतात. टीएसएचला उपाशी राहायची गरजच नाही. विचारायला हवं ते ‘आणखी काय काय घेता?’, आणि कुणी विचारलं नाही तर तुम्ही सांगा.

तुम्ही आजच तो डबा बंद करा. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद हवं. इतक्या मोठ्या डोसला मी आठवडाभर सांगते. मग लॅबला कल्पना देऊन पुन्हा रक्त द्या आणि त्या दिवसाची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. मनाने १०० वर जाऊ नका. हा डबा आणि नवा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. बी-१२ आणि डी या वेगळ्या गोष्टी आहेत, शाकाहाऱ्यांत बी-१२ खरोखर कमी असतं. पण तेही मोजून, मगच. बी-कॉम्प्लेक्समध्येही थोडं बायोटिन असतं, त्याचाही उल्लेख करा.

थायरॉईडसाठी आयोडीनचं मीठ बंद करून घरात सैंधव आणलंय. बरोबर ना?

नाही. प्रौढांमध्ये थायरॉईड कमी होण्याचं आज सर्रास आढळणारं कारण म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटणं. १९१२ मध्ये हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने या आजाराचं वर्णन केलं. जेवणातल्या मिठाने तो वाढत नाही. उलट त्याच डब्यातलं मीठ घरातली मुलं आणि गरोदर सून खातात, आणि आयोडीनची खरी गरज त्यांना आहे. गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम आपण १९६२ पासून चालवतो, तो याचसाठी. समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र टाळा, त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं.

पाळी दहा दिवस चुकली, घरची टेस्ट पॉझिटिव्ह आली. सासूबाई म्हणतात, ‘गोळी गरम पडते, तिसरा महिना सरेपर्यंत बंद ठेव.’ डॉक्टरांची तारीख महिन्याने आहे. (२६, नाशिक)

गोळी एक दिवसही बंद करू नका, आणि महिनाभर थांबू नका. आज फोन करा. पहिले दहा-बारा आठवडे बाळाची थायरॉईड कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच येतं. गरज सुरुवातीलाच पाव ते एक तृतीयांश वाढते, म्हणून बरेच डॉक्टर दिवस गेल्याचं कळताच आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्यायला सांगतात. तुमच्यासाठी किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. टीएसएच याच आठवड्यात करा, पुढे निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी, तो २.५ च्या खाली ठेवायचा असतो. लोह-कॅल्शियम सुरू होईल, चार तासांचं अंतर तिथेही पाळा. सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांची काळजी खरी आहे, पण या गोळीत आहे ते आईच्या अंगात असायलाच हवं असं हार्मोन.

आई ७६ वर्षांची. लॅबच्या पॅकेजमध्ये टीएसएच ६.८ आला, फ्री टी-४ नॉर्मल. शेजारी म्हणतात, गोळी सुरू करा.

एका रिपोर्टवर नाही. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच, आणि या वयात गोळी जास्त झाली तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा आणि दोन्ही रिपोर्ट, ईसीजी आणि आई घेते त्या सगळ्या गोळ्या घेऊन डॉक्टरांना भेटा.