व्हिस्की आणि उदक यांचं खरंच नातं आहे का?

प्रश्न असा आहे की 'व्हिस्की' हा आयरिश शब्द आपल्या 'उदक'चा नातलग आहे, हे खरं की ओढूनताणून? खरं आहे, मात्र फक्त ध्वनिसाम्यावर विसंबलं तर चुकीचं नातं जुळवलं जाईल.

'व्हिस्की' हा तुकडा आहे. पूर्ण शब्द 'इश्के बॅहा', म्हणजे जीवनाचं पाणी. लॅटिन 'अक्वा व्हिटे'चा हा शब्दशः अनुवाद. इंग्रजांनी तो 'उस्कबॉ' असा उचलला, मग शेपूट गळून पाणी तेवढं उरलं! 'अक्वा' आणि 'इश्के' मात्र सख्खे नाहीत. इथेच बरेच जण फसतात.

'इश्के'चं जुनं रूप 'उस्के', आरंभी 'उ'. भारोपीय (म्हणजे संस्कृत, आयरिश, इंग्रजी यांची समान पूर्वज) भाषेतल्या पाण्यासाठीच्या मूळ शब्दाची रूपावली चमत्कारिक होती: प्रथमेत शेवटी 'र', इतर विभक्तींत 'न'. इंग्रजी 'वॉटर'मध्ये 'र' टिकला. वेदात 'उदन्', षष्ठी 'उद्नः', इथे 'न' दिसतो. आयरिश शब्द याच 'न'वाल्या अंगाला (प्रत्ययापूर्वीच्या रूपाला) 'स्क्य' प्रत्यय लागून झाला: 'उदेन्स्क्य'. पुढे मधला स्वर गळाला, 'द' आणि 'न' 'स्क'मध्ये जिरले. आपलं 'उदक' त्याच अंगापासून. मराठीत ते उदक सोडण्यापुरतं राहिलं, गोव्यात कोंकणीत मात्र आजही रोजचं पाणी म्हणजे 'उदक'च.

'बॅहा'ची गंमत जास्त आहे. मूळ 'ग्व' ध्वनीचा केल्टिक भाषांत (आयरिश ज्या गटातली त्या भाषांत) 'ब' झाला, संस्कृतात 'ग', आणि इ-एसारख्या स्वरापूर्वी 'ज'. म्हणून आयरिश 'बो' म्हणजे 'गो', 'बेन' (स्त्री) म्हणजे वैदिक 'जनि', 'ब्यो' (जिवंत) म्हणजे 'जीव'. 'बॅहा' त्याच 'जीव'च्या कुळातला. नियम असा जोडीजोडीने लागू पडतो तेव्हाच व्युत्पत्तीवर विश्वास ठेवावा. उर्दू 'इश्क' उच्चाराने कितीही जवळ वाटो, तो अरबी आहे, संबंध शून्य.

आयरिश बखरींत १४०५ सालाखाली रिचर्ड मॅग रॅनल नावाचा सरदार अतिमद्यपानाने मेल्याची नोंद आहे. बखरकार लिहितो, त्याच्यासाठी ते जीवनाचं नव्हे, 'मार्व्ह'चं पाणी ठरलं. हा 'मार्व्ह' म्हणजे आपला 'मृ' धातू.