‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये पुस्तकांवर बंदी सरकारनेच आणली होती ना?

सुरुवात सरकारने केली नव्हती, निदान कादंबरीतल्या, पुस्तकं जाळणाऱ्या अग्निशामक दलाचा कॅप्टन बीटी तरी तसंच सांगतो. रे ब्रॅडबरीच्या या १९५३च्या कादंबरीत बीटीच्या हाताखालचा अग्निशामक माँटॅग आजारी म्हणून घरी पडलेला असतो, तेव्हा बीटी त्याच्या खोलीत बसून, पाइप ओढत ओढत सगळी कहाणी ऐकवतो. आधी लोकांनाच सगळं झटपट, थोडक्यात हवं झालं. मग प्रत्येक गटाला कुठलं ना कुठलं पुस्तक खुपायला लागलं, आणि प्रकाशकांनी कुणी दुखावू नये म्हणून मजकूर इतका पातळ केला की वाचण्यासारखं काही उरलंच नाही. घरं आगीपासून सुरक्षित झाल्यामुळे अग्निशामक रिकामेच होते. त्यांना पुस्तकं जाळायचं काम नंतर मिळालं.

फक्त एक लक्षात घ्या, हे सांगणारा माणूस सरकारी नोकर आहे. त्याच्याच दलाच्या नियमपुस्तकात लिहिलंय की हे दल १७९० साली इंग्रजधार्जिणी पुस्तकं जाळायला स्थापन झालं आणि पहिला अग्निशामक बेंजामिन फ्रँकलिन! फ्रँकलिनने खऱ्या आयुष्यात फिलाडेल्फियात आग विझवणारी तुकडी उभारली होती, तीही १७३६मध्ये. त्यामुळे बीटीचं म्हणणं कितपत खरं मानायचं, हे ब्रॅडबरीने वाचकावर सोडलंय.