बारा बोअर, १८८ बदल आणि तुमचा बारावीतला मुलगा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावी सायन्सला, गेममध्ये एए-१२ नावाची ऑटोमॅटिक शॉटगन बघितल्यापासून म्हणतोय मला शस्त्रं डिझाइन करायचीत, आणि त्याचे बाबा म्हणतात पोरगं वाया चाललंय. पण पत्राच्या खाली त्याने स्वतःच्या अक्षरात एक ओळ घुसडलीये, ‘सर, अशी गन बनवायला नक्की काय शिकावं लागतं?’ राग मानू नका, पण मला तुमच्या दोन पानांपेक्षा ती ओळ जास्त आवडली, म्हणून आधी त्याच्याशीच बोलतो.

हे बघ मित्रा, शॉटगन म्हणजे काय तर आपल्याकडे शेतावर राखणीला असते ती बारा बोअर. बारा का, तर एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले की त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर, म्हणजे साधारण साडेअठरा मिलिमीटर. एवढं जाड काडतूस, त्यात छर्रे, त्यामुळे खांद्याला धक्का जबरदस्त. आता हीच ऑटोमॅटिक केली तर काय होईल विचार कर, तिसऱ्या काडतुसाला नळी आभाळाकडे. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात हे करून बघितलं होतं, रेमिंग्टन कंपनीने आपली साधी ११०० शॉटगन ऑटोमॅटिक करून ७१८८ बनवली, त्यांच्या नेव्हीच्या सील कमांडोंनी वापरली, पण धक्का आवरेना आणि चिखल-माती गेली की अडकायची, म्हणून थोड्याच बनल्या.

मग १९७२ मध्ये मॅक्सवेल ॲचिसन नावाच्या माणसाने वेगळा विचार केला, त्याचीच गन पुढे तुझी एए-१२ झाली. नेहमीच्या ऑटोमॅटिक बंदुकीत काडतूस फुटलं की बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता लोखंडी ठोकळा, मागे जाऊन आदळतो, तो दणका खांद्याला बसतो. इथे बोल्टला मागे जायला लांबलचक जागा आणि लांब स्प्रिंग, म्हणजे तो मागे आदळायच्या आतच हळूहळू थांबतो. एसटीच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला तर आपण पुढच्या सीटवर आपटतो, लांबून हळूहळू दाबला तर चहाही सांडत नाही, थांबायची तर दोन्हीकडे एसटीच ना? फोर्स गुणिले टाइम. तुझ्या अकरावीच्या पुस्तकातला इंपल्स, दुसरं काही नाही. पुढे सिंगापूरच्या अल्टिमॅक्स १०० मशीनगनमध्येही हीच आयडिया आली, ती जेम्स सलिव्हनने केली, अमेरिकेच्या एआर-१५ रायफलीच्या टीममधलाच माणूस.

पण आयडिया असली म्हणून गन तयार होत नाही, आणि मला खरं सांगायचंय ते इथेच आहे. १९८७ मध्ये ॲचिसनने हक्क विकले, टेनेसीतल्या जेरी बेबरच्या कंपनीने घेतले, आणि त्यांनी अठरा वर्षं तिच्यावर काम केलं. एकशे अठ्ठ्याऐंशी बदल! मूळची साधी ब्लोबॅक पद्धत, म्हणजे काडतुसाच्या धक्क्यानेच बोल्ट मागे ढकलला जायचा ती, काढून काडतुसाच्या गॅसवर चालणारी, बोल्ट लॉक होणारी केली, भरपूर पार्ट स्टेनलेस स्टीलचे केले म्हणजे गंज नको नि सारखी साफसफाई नको, लांबी कमी केली. फायरिंगचा वेग मुद्दाम कमी, मिनिटाला ३००, कारण एके-४७ सारखा ६०० ठेवला तर आवरणार कोण. तरी २० काडतुसांचा ड्रम, म्हणजे गोल डबा, चार सेकंदात रिकामा, आणि तो भरून लावला की वजन सात किलोच्या वर. हे तुला गेममध्ये दिसत नाही कारण तिथे हात दुखत नाहीत.

आणि एवढं करून? २००४ मध्ये अमेरिकी मरीन्सना दाखवली, सगळ्यांनी वाहवा केली, पण कुठल्याच मोठ्या सैन्याने नेहमीचं शस्त्र म्हणून घेतली नाही. काडतुसं जड, छर्ऱ्यांचा पल्ला कमी. त्याच्याही आधी १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराचा कॉज (CAWS) नावाचा अख्खा प्रोग्राम अशीच लढाईची शॉटगन बनवायला निघाला होता, तोही गुंडाळला. म्हणजे ह्या धंद्यात वीस-तीस वर्षं घालून वस्तू कपाटात राहू शकते, हे आत्ताच ऐकून ठेव.

आता ताई आणि भाऊ, तुमच्यासाठी. मुलगा वाया वगैरे काही चाललेला नाही. ह्या कामाची मोठी सरकारी लॅब आपल्या पुण्यातच आहे, पाषाणला, संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची एआरडीई, आपल्या सैन्याची इन्सास रायफल तिथलीच. अस्मी नावाचं ९ मिमीचं मशीन पिस्तूल ऐकलंय का, ते सैन्यातल्याच लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी एआरडीईबरोबर केलं, २०२१ मध्ये समोर आलं, ते पण चार महिन्यांत, ट्रिगरचे काही भाग मेटल थ्रीडी प्रिंटिंगचे. नंतर सैन्याने ५५० घेतली.

रस्ता सरळ आहे. मेकॅनिकल किंवा मेटलर्जी घ्या, प्रॉडक्शनही चालेल, मग इंजिनिअरिंगनंतरची गेट परीक्षा देऊन डीआरडीओत सायंटिस्ट बी ह्या सुरुवातीच्या पदासाठी अर्ज, किंवा पुण्यातच गिरीनगरला असलेल्या डायट (DIAT) ह्या संरक्षण तंत्रज्ञानाच्या संस्थेतून एम.टेक. वरणगाव, भुसावळ, खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या २०२१ पासून सरकारी कंपन्यांखाली गेल्यात, तिथे अप्रेंटिसशिप निघते, डिप्लोमावाल्यांनाही. कॉम्प्युटर घेऊन सिम्युलेशनमध्ये जायचा रस्ताही आहे, पण आवड लोखंडाची असेल तर मेकॅनिकलच बरं असं माझं मत.

एक मात्र कडक सांगतो, घरी पाइप-स्प्रिंग जोडून ‘प्रयोग’ अजिबात नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, आणि एकदा केस लागली की पोलीस व्हेरिफिकेशनवाली नोकरी विसरा. हौस असेल तर सायकलचं सस्पेन्शन खोलून बघ, तीच स्प्रिंग, तोच धक्का.

आणि हो, पत्रात गेमचं, भांडणाचं सगळं लिहिलंत पण फिजिक्स आणि गणिताचे अकरावीचे मार्क लिहिलेच नाहीत, ते कळवा, मग सीईटी आणि जेईई दोन्ही द्यायच्या का ते ठरवू.