वाचकांचे प्रश्न : पलटणीच्या डायरीत पणजोबांचे नाव असेल का?

प्रश्न : माझे माहेर चिपळूण तालुक्यातले. आमचे पणजोबा ‘बसऱ्याच्या लढाईला’ गेले ते परत आलेच नाहीत, यापलीकडे घरात कोणाला काही ठाऊक नाही. देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात एक काळवंडलेला तारा सापडला. मागच्या बाजूला इंग्रजीत एक नंबर, पणजोबांचे नाव आणि ‘११७ महराट्टाज’ असे कोरले आहे. पलटणींच्या पहिल्या महायुद्धातल्या रोजच्या डायऱ्या लंडनला जपून ठेवल्या आहेत असे भाचा म्हणतो. त्यात पणजोबांचे नाव मिळेल का? ते कसे गेले हे कळेल का?

उत्तर : ताई, नाव बहुतेक मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिवस मात्र मिळू शकतो. आणि दिवस मिळाला की बरेच काही मिळते.

मी बावीस वर्षे पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो. कागद कोणासाठी लिहिला आहे हे एकदा कळले की त्याच्याकडून काय मागायचे ते कळते. शिपायाचे नाव येते पार्ट टू ऑर्डरमध्ये. रजेवर गेला, बढती मिळाली, दवाखान्यात भरती झाला, लग्न झाले, सगळे तिथे. डायरी हे वेगळे प्रकरण. ती वरच्या हेडक्वार्टरसाठी, म्हणजे पुढे कधीतरी युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी ठेवायची. छापील फॉर्म ठरलेला असे, सी. २११८. त्यात ठिकाण, तारीख, वेळ, काय घडले, आणि शेवटी सोबतच्या कागदांचा हवाला, असे रकाने. लिहिणार बहुधा ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचे कागदपत्र सांभाळणारा, पंचविशी-तिशीतला एखादा इंग्रज कॅप्टन. तो खंदकात बसून, बऱ्याचदा पेन्सिलीने, दिवस संपल्यावर लिहितो. लढाईच्या दिवशी चार पाने, आणि मुक्कामाच्या दिवशी एक ओळ : ‘फटीग पार्ट्या (म्हणजे खणणे-वाहणे अशा कामाच्या टोळ्या). उष्मा फार.’

मेलेल्यांची नोंद या पानांवर बहुधा अशी असते : बी.ओ. १, आय.ओ. १, आय.ओ.आर. ९. पहिला इंग्रज अधिकारी, त्याचे नाव बहुतेक वेळा लिहिलेले असते. दुसरा आपला सुभेदार किंवा जमादार, त्याचे नाव कधी असते, कधी नसते. आणि आय.ओ.आर. म्हणजे इंडियन अदर रँक्स, हवालदारापासून शिपायापर्यंतचे आपले सगळे. तुमचे पणजोबा त्या ९ मध्ये. पहिल्यांदा असे पान वाचताना राग येतो. मलाही आला होता. पण त्या ९ च्या आजूबाजूला जे लिहिलेले असते ते तुमच्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेले असते : नदीच्या कुठल्या काठाला होते, पहाटे किती वाजता निघाले, पाणी संपले की नाही, तोफा कुठून येत होत्या.

आता तुमचा तारा. तो चिंचेने किंवा राखेने घासू नका, हात जोडून सांगतो. दर दसऱ्याला पदके लखलखीत करून त्यांच्यावरची अक्षरे पुसून टाकलेली घरे मी पाहिली आहेत. पातळ कागद वर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरे उमटतील. हा ‘१९१४–१५ स्टार’. ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ या काळात जो युद्धाच्या मुलुखात पोहोचला, त्यालाच तो मिळे. म्हणजे पणजोबा १९१५ संपायच्या आत तिकडे होते, हे पक्के. १९१६ पासून पुढे गेलेल्यांच्या घरी दोन गोल पदके असतात, तारा नसतो. गोल पदकांपैकी एक रुप्याचे, आणि म्हणूनच ते आज फारशा घरांत उरलेले नाही. आमच्याकडचे माझ्या आजीने एका दुष्काळात मोडले. तारा कांस्याचा. त्याला सोनाराने किंमत दिली नाही म्हणून तो राहिला.

११७ ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनच्या सोळाव्या ब्रिगेडमध्ये होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेल्या पहिल्या तुकड्यांतली ती. ६ नोव्हेंबरला ही ब्रिगेड फाओला, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण टोकाला, उतरली. पुढचा रस्ता साधारण असा : नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा, एप्रिल १९१५ मध्ये १२ ते १४ या तारखांना शैबा, २८ सप्टेंबरला तैग्रिस नदीकाठच्या कुत या गावाच्या अलीकडे एस-सिन, २२ नोव्हेंबरपासून सलमान पाक, ज्याला इंग्रज तेसिफोन म्हणत. तिथून माघार घेऊन कुतला. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला आतल्या फौजेचा इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. नोकरचाकरांसह सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. त्यांत ११७ बरोबर १०३ आणि ११० या आणखी दोन मराठा पलटणी होत्या. वेढ्यात धान्य संपत आले तेव्हा घोड्याचे मांस खाण्याचा प्रश्न आला, आणि आपल्या शिपायांनी ते बरेच दिवस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवावी लागली.

म्हणून आता एकच गोष्ट शोधायची, मृत्यूची तारीख. ती डायरीत नाही, ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’च्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे. त्यांच्या वेबसाइटवर फुकट शोधता येते. आडनाव, पलटण आणि पहिले महायुद्ध एवढे घाला. आपल्या माणसांच्या नोंदीत पुष्कळदा बापाचे नाव, गाव, तालुका आणि ‘रत्नागिरी, बॉम्बे’ असेही मिळते. फक्त स्पेलिंगशी झगडावे लागेल. सावंत कधी ‘व्ही’ने, कधी ‘डब्ल्यू’ने. गावाचे नाव तर ज्या कारकुनाने ऐकले तसे. मराठा या शब्दातही त्या काळी ‘एच’ मधेच आणि ‘टी’ दोन. आजच्या स्पेलिंगने शोधले तर पलटणच सापडत नाही आणि माणसे निराश होतात.

नावाबरोबर नंबर जुळलाच पाहिजे. शिपायांचे नंबर प्रत्येक पलटणीचे स्वतंत्र असत, त्यामुळे एकच नंबर दहा पलटणींत दहा जणांना असतो. आणि सखाराम तर प्रत्येक कंपनीत चार.

तारीख मिळाली की डायरी उघडा. त्या तारखेचे पान वाचा, पण आधीचे दहा दिवसही वाचा. हे दहा दिवस का, ते माझ्याच घरातून सांगतो.

माझे पणजोबाही मराठा पलटणीतले. आमच्याकडे गोष्ट अशी की संगिनी लावून धावून जाताना छातीत गोळी लागली. माझी आत्या ती गोष्ट सांगताना उभी राहायची. यादीत तारीख निघाली जुलै १९१६ मधली. मी डायरीतला तो महिना काढला. ठिकाण शेख साद, तैग्रिसच्या काठी. लढाई नाहीच. कुत पडल्यानंतरचा तो उन्हाळा. दोन्ही बाजू उन्हात पडून होत्या. रोज फक्त उष्मा, बांध घालण्याचे काम, आणि ‘सिक टू हॉस्पिटल’ असे लिहून पुढे आकडा. ११, १४, ९, १७. पलटणच्या पलटण झिजत होती. हिरवी भाजी मिळत नव्हती, हिरड्यांतून रक्त येत होते. स्कर्व्ही. पणजोबा गेले त्या दिवशी डायरीत एकही मेलेला लिहिलेला नाही, कारण ते पलटणीत मेले नाहीत. आधीच्या आठवड्यातल्या कुठल्या तरी १४ मध्ये किंवा १७ मध्ये होते आणि मागच्या दवाखान्यात गेले.

आत्याला मी सांगितले नाही. ती नव्वदीची होती. चुलतभावाला सांगितले तर तो म्हणाला, मग काय उपयोग या डायरीचा? मला मात्र तो आकडा १४ फार जवळचा वाटला. गोळीची गोष्ट कुठल्याही घरात असते.

तुमच्या बाबतीत तारीख १९१६ च्या मेमधली किंवा त्यानंतरची निघाली तर पलटणीची डायरी मिटून ठेवा. मग पणजोबा बहुधा कैदेत गेले. कैद्यांना चालवत बगदाद, मोसुल आणि पुढे रास अल-ऐनपर्यंत नेले. तिथे रेल्वेच्या कामावर आपली बरीच माणसे गेली. कैदेतल्या पलटणीचा ॲडज्युटंट डायरी लिहीत नाही. आणि तारीख वेढ्यातली असली, तरी एक शंका मनात ठेवा. पदकावर मूळ पलटण असते, पण भरतीची कुमक ज्या पलटणीत माणसे कमी तिथे जोडली जाई. वेढ्याच्या काळात ११७ साठी आलेली माणसे आत जाऊच शकत नव्हती. कुतच्या बाहेर, सोडवायला निघालेल्या फौजेत, दुसऱ्या नंबरच्या पलटणीबरोबर लढत ते गेलेले असू शकतात.

आता कागद कुठे आहेत ते. पलटणींच्या डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या ‘नॅशनल आर्काइव्ह्ज’मध्ये, ‘डब्ल्यू.ओ. ९५’ या मालिकेत आहेत. कॅटलॉग घरबसल्या चाळता येतो. शोधताना जुनाच नंबर टाका. १९२२ मध्ये सगळे नंबर बदलले : १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, तुमच्या ११७ ची पाचवी ‘रॉयल’, आणि ११४ ची दहावी. आजोबा-पणजोबांच्या गप्पांत ‘फिफ्थ मराठा’ ऐकलेले असते, ते या सगळ्यांच्या मिळून झालेल्या रेजिमेंटचे नवे नाव, पाचव्या बटालियनचे नव्हे. नंबराने सापडले नाही तर डिव्हिजन आणि ब्रिगेडवरून उतरा, कागद त्याच क्रमाने लावलेले आहेत.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वरही ‘वॉर डायरी’ नावाचे खंड दिसतील, ‘इंडियन एक्स्पेडिशनरी फोर्स डी’ असे लिहिलेले. ‘डी’ म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकमधली, फौज. नावाला फसू नका. ती आर्मी हेडक्वार्टरची डायरी आहे, म्हणजे सिमला-दिल्लीला आलेल्या-गेलेल्या तारांचा गठ्ठा. मोठे चित्र कळायला चांगली, पण तुमचे शैबाचे पान तिथे नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. १९१४–१९१९ च्या महायुद्धात या गावातून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असे इंग्रजीत आहे. नावे एकही नाही. ती कुठे मिळतील?

उत्तर : अशा पाट्या कोकणात आणि साताऱ्याकडे गावोगाव आहेत, आणि सगळ्यांवर फक्त आकडे. बसऱ्याच्या स्मारकाचेही तेच. तिथे बेपत्ता राहिलेल्या ४०,६०० हून अधिक जणांची आठवण आहे, पण अधिकाऱ्यांची नावे कोरली आणि आपल्या शिपायांचा पलटणवार आकडा. २०२१ मध्ये वर सांगितलेल्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने चौकशी अहवाल काढून याची जाहीर माफी मागितली. नावे नोंदवहीत होतीच, आणि आता ती वर सांगितलेल्या वेबसाइटवर दिसतात. ‘ॲडिशनल इन्फर्मेशन’मध्ये गावाचे नाव टाकून शोधा, जितकी स्पेलिंग सुचतील तितकी. पाटीवरच्या आकड्याइतकी नावे क्वचितच जुळतात, त्यामुळे दोन कमी पडली म्हणून पाटी खोटी ठरवू नका. परत आलेल्यांची नावे मात्र तिथे नाहीत. ती गावातल्या जुन्या पेन्शनीच्या कागदांत आणि ट्रंकांत शोधावी लागतात.

प्रश्न : पणजोबांचे सेवापुस्तक लंडनहून काढून देतो म्हणून एकाने आगाऊ पैसे मागितले आहेत. द्यावेत का?

उत्तर : नका देऊ. पहिल्या महायुद्धातल्या आपल्या शिपायांची सेवापुस्तके लंडनला नाहीत. इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत ती अधिकाऱ्यांची. पंजाबातल्या गावांच्या भरतीच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयातून स्कॅन झाल्या, त्याची बातमी ऐकून असले लोक महाराष्ट्रातही फिरतात. त्या वह्या पंजाबच्याच आहेत.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवणाऱ्यांना एक विनंती. पदकाचा फोटो पाठवाल तर गोल पदकाच्या कडेचा पाठवा, ताऱ्याच्या पाठीचा पाठवा. गेल्या महिन्यात सात फोटो आले, साती राजाच्या चेहऱ्याचे. राजा सगळ्यांच्या रुप्याच्या पदकावर तोच आहे.