वॉचवर झोप येते, पण कागदावर आराम पूर्ण दिसतो

प्रश्न (उदगीर, जि. लातूर): काका, मी बल्क कॅरियरवर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, थर्ड ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर गावाकडं आलोय. वॉच, म्हणजे जहाज सांभाळायची पाळी, सकाळी ८ ते १२ अन् रात्री ८ ते १२. वॉच सुटला की लाइफबोटी, फायर एक्स्टिंग्विशर यांचं मेंटेनन्स, पोर्टला लागलो की माल चढवता-उतरवताना ६-६ तासांचा कार्गो वॉच, मधेच दोर बांधायला बोलावतात. महिना संपला की वरून सांगतात, रेस्ट अवर्सचं, म्हणजे आरामाच्या तासांचं शीट लाल (आराम कमी पडला की दिसतं तसं) दिसू देऊ नको, अ‍ॅडजस्ट कर आणि सही टाक. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या उभ्या डोळा लागतो. घरी बोललो तर वडील म्हणले आम्ही रातभर दारं धरतोय, तुला काय होतंय. सही नाही केली तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळंल का?

उत्तर: बाळा, आधी वडलांचं. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून दारं धरणाऱ्या माणसाला जागरण काय असतं ते कळतंच, त्यांच्यावर चिडू नको. पण वाफा फुटला तर पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं, सकाळी बांध घालता येतो. जहाज १२ नॉटनी (तासाला १२ सागरी मैल) चाललेलं असेल तर तुझ्या ५ मिनिटांच्या डुलकीत ते एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर पुढं गेलेलं असतं, अन् त्याला ब्रेक नसतो. हे त्यांना असंच सांग, त्यांना पटेल.

३ एप्रिल २०१० ला शेन नेंग १ हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियातल्या ग्लॅडस्टोनहून चीनकडं निघालं आणि थोड्याच तासांत ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. वेळ संध्याकाळी पाचची, चांगला उजेड होता, वादळबिदळ काही नाही. वॉचवर चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालचा चीफ ऑफिसर होता आणि चौकशीत निघालं की आधीच्या साडेअडतीस तासांत तो फक्त अडीच तास झोपला होता, लोडिंगमुळं झोप मिळालीच नाही. कोर्स कुठं बदलायचा ते ठरलेलं होतं, ती जागा मागं पडली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. माणूस अडाणी नव्हता रे, दमला होता. १९८९ ला अलास्कात खडकावर चढून तेल सांडलेल्या एक्झॉन वाल्डेझ या टँकरचं पण तसंच, लोकांना कॅप्टनची दारू तेवढी आठवते, पण अमेरिकेच्या चौकशीत थर्ड मेटचा थकवा आणि त्याच्यावरचा कामाचा बोजा हे कारण स्पष्ट लिहिलंय. थर्ड मेट, म्हणजे तुझीच खुर्ची.

आता शीटचं. कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आराम, ७ दिवसांत किमान ७७ तास, आरामाचे तुकडे दोनच आणि त्यातला एक सलग ६ तासांचा, दोन आरामांच्या मधे १४ तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही. इथं पुष्कळ पोरं फसतात. दुपारी १२ ते ५ झोपलास आणि रात्री २ ते ७, बेरीज १० होते, तरी नियम मोडला कारण सलग ६ कुठंच नाहीत. आणि २४ तास म्हणजे रात्री १२ ते १२ असं नाही, कुठल्याही मिनिटापासून मोजायचं, म्हणून पोर्ट सुटतानाच्या दिवशी हिशोब हमखास बिघडतो. मला विचारशील तर हा नियमच अपुरा आहे, आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ गेले की ९१ तास काम कायदेशीर ठरतं, कुठल्या कारखान्यात हे चालेल? आणि सहा तासांच्या आरामात जेवण, अंघोळ, कपडे धुणं सगळं आलं, झोप चारच तास उरते. तेवढंही मिळत नसेल आणि कागदावर मिळालं असं लिहायचं, याचा मला फार राग येतो.

पोर्टचे इन्स्पेक्टर डेक लॉग (जहाजाची रोजची नोंदवही), बेल बुक (इंजिनाला दिलेल्या हुकमांची वेळेसकट नोंद) आणि तुझं शीट शेजारी ठेवून बघतात. दोर बांधायला तू ३ वाजता हजर होतास असं लॉग म्हणतंय आणि शीटमधे त्याच वेळी झोपलेला, मग पकडायला किती वेळ लागतो. अपघात झाला तर पहिलं तेच शीट काढतात, खाली सही तुझी, अ‍ॅडजस्ट कर म्हणणाऱ्याची नाही. म्हणून खरं लिही. शीटची एक कॉपी तुला मिळायलाच पाहिजे, हा एमएलसीचा, म्हणजे जहाजावरच्या कामगारांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे आणि भारतानं तो करार २०१५ ला मान्य केलाय. नोकरीची खात्री मी देऊ शकत नाही, खोटं कशाला बोलू. पण तक्रार केली म्हणून त्रास देणं त्याच करारात मना आहे. आधी चीफ ऑफिसर, मग कॅप्टन, मग कंपनीचा डीपीए, म्हणजे जहाजाच्या सुरक्षिततेसाठी किनाऱ्यावर नेमलेला माणूस, त्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो. तिथं नाही ऐकलं तर पोर्टवरच्या अधिकाऱ्याकडं जाता येतं, ते तुझं नाव गुप्त ठेवतात.

वॉचवर झोप यायला लागली तर बसू नको, लुकआउटवाल्याला (सोबत समुद्रावर नजर ठेवणाऱ्याला) बोलता ठेव, वॉचवाल्याची हालचाल थांबली की वाजणारा ब्रिजवरचा अलार्म म्हणजे बीएनडब्ल्यूएएस कुणीही बंद कर म्हणलं तरी बंद करायचा नाही. आणि थेट कॅप्टनला फोन कर, तो रागावला तर रागावू दे. तुला सोडवायला येणारा माणूसच झोपेत वाटला तर त्याच्या हातात वॉच द्यायचा नाही, कॅप्टनला कळवायचं, हे पण नियमातच आहे. बंदर सोडल्यावर तुझा पहिला वॉच कोण घेणार हे आत जातानाच विचारून ठेव, निघायच्या गडबडीत कुणी ऐकत नाही.

प्रश्न (अंबाजोगाई): भाऊ जहाजावर कॅडेट (शिकाऊ अधिकारी) आहे, जहाजावर आता इंटरनेट असतंय. आई रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावते, तो उचलतो पण झोपेत बोलतो. फोन करावा की नाही?

उत्तर: ताई, आईचा जीव कळतो, पण तुमचे नऊ म्हणजे त्याचे नऊ नाहीत. जहाज पूर्वेकडं चाललं असेल तर घड्याळ पुढं सरकवत जातात आणि त्याची रात्र एक तासानं छोटी होते. तो १२ ते ४ च्या वॉचला असेल तर त्याला झोप दोन तुकड्यांत घ्यावी लागते, त्यातला एक तुकडा तुमच्या कॉलमधे जातोय. त्याला वॉच कोणता ते विचारून घ्या आणि फोन त्यालाच करू द्या, तोवर आईनं व्हॉइस मेसेज टाकावा, तो उठल्यावर ऐकेल. बोलताना जेवलास का याच्याबरोबर सलग सहा तास कधी झोपलास हेही विचारा, आणि चार-पाच दिवस तेच रडगाणं ऐकू आलं तर कंपनीच्या डीपीएला घरच्यांनी ईमेल करायला हरकत नाही, फक्त आधी भावाला सांगून करा.