पोटरीकडेही बघत जा

प्रिय डॉक्टर,

सर्जरीच्या वॉर्डात सगळ्यांचं लक्ष टाक्यांवर असतं. तू पोटरीकडेही बघत जा. ऑपरेशनमध्ये पोटरीचे स्नायू थंडावतात, शिरांमधलं रक्त रेंगाळतं आणि जखमेमुळे शरीर आधीच रक्त गोठवायला टपलेलं असतं. मग पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते.

दाखल करतानाच कॅप्रिनी स्कोअर, म्हणजे गुठळीच्या धोक्याचे गुण, काढ. वय ६१ ते ७४ असेल तर २, ऑपरेशन मोठं आणि ४५ मिनिटांहून लांबलेलं असेल तर २, कर्करोगाचे २, आधी गुठळी झाली असेल तर ३. बेरीज ५ किंवा वर गेली की धोका मोठा. घरात कुणाला गुठळी झाली होती का, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे नेमकं विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

गुठळी रोखणारं इंजेक्शन एनॉक्सापॅरिन साधारणपणे ४० मिलिग्रॅम, रोज एकदा, त्वचेखाली. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचं माप) ३० च्या खाली असेल तर ते अंगात साठतं. अशा वेळी डोस कमी कर किंवा साधं हेपॅरिन घे. एपिड्युरल (पाठीत बारीक नळी घालून दिलेली भूल) असेल तर घड्याळ बघ: शेवटच्या डोसनंतर १२ तास उलटल्याशिवाय ती नळी, म्हणजे कॅथेटर, काढायचा नाही, काढल्यावर पुढचा डोस किमान ४ तासांनी. घाई केलीस तर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात.

उपचारातली खरी गळती चार्टवर दिसत नाही. ‘पेशंट चालतोय’ म्हणून डोस राहतो; प्रत्यक्षात तो पलंगावरून खुर्चीत बसलेला असतो. पाय दाबणारं मशीन दिवसातले १८ तास तरी चालायला हवं, पण एक्स-रेहून परतल्यावर ते कुणी लावतच नाही. राउंडला पांघरूण उचलून बघ. गुठळी टाळायला घातलेल्या घट्ट मोज्याची वरची कड गुंडाळली गेली तर तीच पाय आवळते. पायाची नाडी लागत नसेल तर मोजे नकोतच.

एकच पाय सुजला तर डी-डायमरच्या (गुठळीचा माग काढणाऱ्या रक्ततपासणीच्या) नादी लागू नकोस, ऑपरेशननंतर तो वाढलेलाच असतो. थेट डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, कर. अचानक धाप, कारण न कळणारी जलद नाडी किंवा उतरलेला ऑक्सिजन दिसला तर गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते; लगेच वरिष्ठांना बोलाव.

डिस्चार्जनंतरही धोका आठवडे-आठवडे टिकतो. पोटातल्या कर्करोगाच्या मोठ्या ऑपरेशननंतर इंजेक्शनं साधारण २८ दिवस देतात. ती घरी कोण देणार हे आधी ठरव आणि त्या माणसाकडून तुझ्यासमोर एक देऊन घे: पोटाची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, नंतर जागा चोळायची नाही.

कळावे.